बारा भिडस्त जपानी : १९९१ चा एक ज्युरीपट

पाऊलवाट

खूप दिवस या सिनेमावर लिहायचं मनात होतं. परवा भाषांतराच्या कामात 'हानाशिआई' हा शब्द समोर आला. म्हणजे बसून बोलणं, बोलून बोलून मार्ग काढणं. तो शब्द टाइप करताना अख्खा सिनेमा पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला, म्हणून हा धागा.

सिनेमाचं नाव 'जूनिनिन नो यासाशी निहोनजिन'. डिसेंबर १९९१ मध्ये जपानमध्ये लागला. दिग्दर्शक शुन नाकाहारा. मुळात हे नाटक, कोकी मितानी यांनी लिहिलेलं, 'टोकियो सनशाइन बॉईज' या त्यांच्या मंडळींनी १९९० साली केलेलं. बारा ज्युरर, एक खोली, एक टेबल आणि खुनाचा एक खटला. एवढं वाचल्यावर सगळ्यांना सिडनी ल्युमेटचा १९५७ चा '१२ अँग्री मेन' आठवणार, किंवा बासू चटर्जींनी १९८६ मध्ये हिंदीत केलेला 'एक रुका हुआ फैसला'. मितानींनी सांगाडा तोच घेतला, पण सुरुवात उलटी केली. तिकडे अकरा जण 'दोषी' म्हणतात आणि एकटा माणूस 'थांबा' म्हणतो. इकडे बाराच्या बारा जण सुरुवातीलाच 'गुन्हा नाही' म्हणून मोकळे होतात. निकाल लागला, चला घरी. लोक खुर्च्या मागे सारतात. आणि तेवढ्यात दोन नंबरचा ज्युरर म्हणतो की मी माझं मत बदलतो, माझ्या मते गुन्हा आहे. कारण काय, तर आपण काही बोललोच नाही.

मला हा सिनेमा ज्यासाठी जवळचा वाटतो ते सगळं या एका क्षणात आहे. आरोपी एक तरुण आई. घरी लहान मुलगा. वेगळा झालेला नवरा रात्री रस्त्यावर ट्रकखाली सापडून मेलाय आणि तिनेच ढकललं असा आरोप आहे. बारा जणांना ती गरीब वाटते, दिसायला गोड वाटते, नवरा वाया गेलेला वाटतो. पुरावा कुणी उलगडूनच पाहिलेला नाही. म्हणजे ते तिला सोडायला निघालेत ते न्याय म्हणून नाही, कुणाला दोष देण्याचं ओझं अंगावर नको म्हणून. आणि हे सगळं विनोदी आहे! खरोखर पोट धरून हसायला लावणारं. सुरुवातीलाच प्यायला कुणाला काय मागवायचं यावर जी चर्चा होते, ती खटल्यावरच्या पहिल्या चर्चेपेक्षा जास्त मन लावून होते.

आता नावाबद्दल. 'यासाशी' म्हणजे प्रेमळ, मऊ, कुणाला न दुखावणारा. बरीच वर्षं मी मनात 'मवाळ' म्हणत होते, पण आपल्याकडे मवाळ म्हटलं की लगेच जहाल आठवतात आणि गाडी काँग्रेसच्या इतिहासात शिरते. 'मायाळू' फार गोड होतं. शेवटी सापडला तो शब्द 'भिडस्त'. समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून आपलं मत गिळणारा. 'भीड भिकेची बहीण' असं आजी म्हणायची. या सिनेमात भीड ही न्यायाच्या आड येते.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात जपानी शिकताना. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकांनी, व्हीएचएसची टेप आणली होती, सबटायटल नाहीत. श्रवणाचा सराव म्हणून मधला एक भाग दोनदा ऐकवला आणि आरोपी बाई काय ओरडली ते लिहा म्हणाल्या. साक्षीत आहे की ती 'शिंजाए' असं ओरडली. 'मर एकदाचा' अशा अर्थाचा शब्द. वर्गातल्या निम्म्या जणांनी वेगवेगळं लिहिलं. पुढे सिनेमात कळतं की तो शब्द 'जिंजाएएरु' असू शकतो. म्हणजे जिंजर एल, आल्याचं ते थंड पेय! आम्ही परदेशी विद्यार्थी कानावर विश्वास ठेवायला घाबरायचो, आणि इथे एका बाईचं आयुष्य कुणाच्या तरी कानावर टांगलेलं होतं. सेन्सेई काही बोलल्या नाहीत, नुसतं टेप थांबवून आमच्याकडे बघत राहिल्या.

शेवट सांगत नाही. बाकी बोलूया. कुणी पाहिलाय का?

गोटीसोडा

पाहिलेला नाही, पण आज रात्रीच शोधतो. एक शंका. जपानमध्ये तेव्हा ज्युरी होती का? माझ्या डोक्यात तिकडे फक्त न्यायाधीश निकाल देतात असं होतं.

निशीकासाई

गोटीसोडा, तुमच्या डोक्यात आहे ते १९९१ पुरतं बरोबर आहे. सिनेमा 'ज्युरी असती तर' या कल्पनेवर उभा आहे. पण त्याआधी जपानमध्ये ज्युरी खरंच होती. १९२३ साली कायदा झाला, १ ऑक्टोबर १९२८ ला अमलात आला आणि युद्धात १९४३ साली थांबवला. थांबवला म्हणजे स्थगित केला, रद्द नाही. युद्ध संपल्यावर पुन्हा सुरू करू असं ठरलं होतं, ते झालं नाही. त्या सगळ्या काळात मिळून ज्युरीपुढे फक्त ४८४ खटले चालले. ज्युरर बाराच, पण तीस वर्षांवरचे आणि ठरावीक कर भरणारे पुरुष. आणि मुख्य मेख अशी की ज्युरीचं मत पटलं नाही तर न्यायाधीश ते बाजूला ठेवून नवी ज्युरी बसवू शकायचे. शिवाय ज्युरी मागितली की तथ्यांवर अपील करायची वाट बंद. मग आरोपी स्वतःच म्हणायचे, नको ती ज्युरी.

मी टोकियोत एदोगावा भागात चौदा वर्षं राहतोय (निशीकासाई ही तिथलीच वस्ती, आयडीवरून कळलंच असेल). इथे २१ मे २००९ पासून 'साइबान-इन' पद्धत आहे. गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीश आणि मतदारयादीतून चिठ्ठीने निवडलेले सहा नागरिक एकत्र बसून निकाल देतात, शिक्षाही ठरवतात. बहुमत चालतं, पण दोषी ठरवायचं तर त्या बहुमतात निदान एक न्यायाधीश हवा. म्हणजे सिनेमातल्यासारखे बारा जण एकटे खोलीत कधीच नसतात.

या बदलाची चर्चा सुरू झाली तेव्हा हा सिनेमा पुन्हा लोकांच्या तोंडी आला, असं माझ्या ऑफिसातले वयाने मोठे सहकारी सांगतात. आपले लोक एकमेकांसमोर आपलं मत मांडू शकतील का, हा प्रश्न सगळ्यांना होता, आणि तो मितानींनी जवळजवळ वीस वर्षं आधी विचारून ठेवला होता. अजून एक. साइबान-इन म्हणून बसलेल्या माणसाला आतल्या खोलीत कोण काय बोललं ते आयुष्यभर बाहेर सांगता येत नाही, सांगितलं तर शिक्षा आहे. त्यामुळे त्या बंद दाराआड लोक कसे वागत असतील हे समजून घ्यायला माझ्यासारख्याकडे फक्त असा सिनेमाच आहे. मी मतदार नाही, मला बोलावणं येणारच नाही.

रंगपट

पाऊलवाट ताई, धागा वाचून इतका आनंद झाला की काम टाकून लिहितोय. आमचा हौशी ग्रुप आहे, सांगलीकडचा. एका खोलीतलं, बारा पात्रांचं नाटक बसवणं म्हणजे काय असतं ते बसवल्याशिवाय कळत नाही. बारा माणसं दोन तास रंगमंचावर. कुणीही विंगेत जाऊ शकत नाही. प्रत्येकाला प्रत्येक क्षणी काहीतरी करत राहायचं असतं, आणि बोलणाऱ्यावरून लक्ष उडता कामा नये. मितानी हे लीलया करतात. नावं नाहीत, फक्त नंबर. पण पंधरा मिनिटांत तुम्ही प्रत्येकाला ओळखायला लागता. सहा नंबरला ऑफिसात परत जायची घाई. तीन नंबर गोडखाऊ. पाच नंबर बाई वही काढून सगळं टिपत बसलेली. बारा नंबरला पुढारपण करायची हौस.

आणि पिझ्झा! खटल्यात एक मुद्दा येतो की घराबाहेर पडण्याआधी तिने मुलासाठी पिझ्झा मागवला होता. एक जण म्हणतो, बघा, उशीर होणार हे तिला माहीत होतं, म्हणजे बेत आधीचा. मग हे लोक खरोखर एक पिझ्झा मागवतात. दारात पिझ्झावाला येतो, खोकं उघडतं, आणि सगळे त्या आकाराकडे बघत राहतात. एवढा मोठा पिझ्झा लहान पोर एकटं खाणार? मग ती परत येऊन त्याच्याबरोबर खाणार होती का? ल्युमेटच्या सिनेमात टेबलात चाकू रोवला जातो. इथे त्या जागी पिझ्झा येतो. घरातल्या वस्तूचा पुरावा करणं, आणि तो पुरावा हसू येत असतानाच पटणं, ही नाटककाराची फार मोठी ताकद आहे. मितानी तेव्हा तिशीचेही नव्हते.

मे २०२० मध्ये, सगळं बंद असताना, मूळ नाटकातल्या नटांपैकी बऱ्याच जणांनी घरात बसून झूमवर या नाटकाचं वाचन केलं होतं आणि यूट्यूबवर दाखवलं होतं. बारा चौकटी, बारा चेहरे. मला जपानी येत नाही, तरी मी बराच वेळ बघत बसलो. नाटकवाली माणसं काम नसलं की काय करतात हे मला पक्कं माहीत आहे, त्यामुळे गळा दाटून आला होता.

कवडसा

मी हा सिनेमा सबटायटलसह पाहिलाय आणि मला तो आवडलाही. पण एका गोष्टीवर माझा ठाम आक्षेप आहे. पुढे चर्चा वाढते, मतं 'गुन्हा आहे'कडे झुकत जातात, आणि तरी दोन ज्युरर, चार नंबरचे गृहस्थ आणि दहा नंबरच्या बाई, 'गुन्हा नाही' सोडत नाहीत. का, तर त्यांना सांगता येत नाही. वाटतं, बस. आणि सिनेमा त्यांच्या बाजूने उभा राहतो. हे मला धोक्याचं वाटतं. कारण न देता 'गुन्हा नाही' म्हणायची मुभा असेल, तर कारण न देता 'गुन्हा आहे' म्हणायचीही मुभा हवी. आणि दुसऱ्या प्रकारची माणसं जगात जास्त आहेत. गोड चेहऱ्याच्या आईला जे 'वाटणं' वाचवतं, तेच एखाद्या राकट, बाहेरगावच्या, परक्या भाषेच्या माणसाला बुडवतं.

पाऊलवाट

कवडसा, तुझा आक्षेप मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवलाय. मला असं दिसतं की त्या दोघांचं 'वाटणं' सुरुवातीला आणि शेवटी सारखं नाही. पहिल्या मतदानात ते 'गुन्हा नाही' म्हणतात तेव्हा त्यांना काही किंमत मोजावी लागत नाही, सगळेच तसं म्हणताहेत. शेवटाकडे त्याच दोन शब्दांसाठी त्यांना बाकीच्यांचा राग झेलावा लागतो. दोन नंबर त्यांना अक्षरशः सोलून काढतो. कारण द्या, कारण द्या! त्यांना शब्द सापडत नाहीत, घाम फुटतो, तरी ते मागे हटत नाहीत. भिडस्त माणूस पहिल्यांदा भीड मोडतो तो क्षण आहे तो. आणि मग ज्याला शब्द सापडतात असा कुणीतरी त्यांच्या मदतीला येतो, आणि जे त्यांना नुसतं वाटत होतं त्याची कारणं एकेक करून बाहेर निघतात. म्हणजे सिनेमा कारण नको म्हणत नाही. ज्याला कारण मांडता येत नाही त्याला हाकलू नका, त्याच्यासाठी थोडं थांबा, एवढंच म्हणतो. निदान मी तरी तसं घेते.

पण तू म्हणतेस तो राकट, परका माणूस, त्याच्याबद्दल मला एक सांगायचंय. काही वर्षांपूर्वी मी राहत होते त्या सोसायटीत एका फ्लॅटमधून दागिने गेले. रात्रपाळीचा वॉचमन परप्रांतातला, मराठी मोडकीतोडकी. सभा बोलावली. सेक्रेटरींनी सांगितलं की त्याला उद्यापासून काढतोय, कुणाची हरकत? चहा बाहेर आणून ठेवला होता. कुणीच काही बोललं नाही. 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं गेलं. मीही बसले होते तिथे. मला वाटत होतं की हा माणूस असं करणार नाही. कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, फक्त रोज पहाटे तो माझ्या आईला जिन्यावरून हात धरून खाली नेताना मी पाहिलं होतं. मी तोंड उघडलं नाही. दागिन्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, तो माणूस कुठे गेला तेही नाही. दहा नंबरच्या बाई पडद्यावर आल्या की मला आता ती सभा आठवते. त्या बाईंना जे जमलं ते मला जमलं नाही.

कवडसा

ताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण 'त्याच्यासाठी थोडं थांबा' हे पटलं.

भरतीओहोटी

मी निवृत्त वकील आहे, मुंबईत पस्तीस वर्षं फौजदारी काम केलं. सिनेमा पाहिला नाही. पण विषय ज्युरीचा निघालाय आणि मुंबईचा ज्युरीशी जुना संबंध आहे, म्हणून चार गोष्टी.

लोकमान्यांवरचे दोन्ही राजद्रोहाचे खटले ज्युरीपुढे चालले. १८९७ साली नऊ ज्युरर होते. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी ज्युररांनी दोषी नाही म्हटलं. शिक्षा दीड वर्ष. १९०८ साली पुन्हा नऊ, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. मत पडलं सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. ज्युरीचा निर्णय काहीही असो, मी निर्दोष आहे, हे त्यांचे शब्द मुंबई उच्च न्यायालयात त्या दालनाबाहेर कोरलेले आहेत. मी तरुणपणी त्या जिन्याने जाताना रोज वाचत असे.

पाऊलवाट यांनी 'शिंजाए'चं लिहिलंय म्हणून हे आठवलं. १९०८ च्या खटल्यात लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी. ज्युरीपुढे गेलं ते इंग्रजी भाषांतर. टिळक स्वतःच्या बचावासाठी अनेक दिवस मिळून सुमारे २१ तास बोलले, आणि त्यातला मोठा भाग मराठी शब्दाची छटा भाषांतरात कशी बिघडली हे दाखवण्यात गेला. एका शब्दावर माणूस सुटतो किंवा अडकतो, हे तुमच्या सिनेमात गंमत म्हणून आलं असेल, पण कोर्टात ते रोज घडतं. आरोपीच्या तोंडचा शब्द, साक्षीदाराच्या कानातला शब्द, पोलिसाच्या लेखणीतला शब्द आणि न्यायाधीशांपुढचा शब्द, हे चारही वेगळे असतात.

दुसरी गोष्ट एकमताची. या दोन्ही खटल्यांत बहुमतावर काम भागलं. सात जणांना उरलेल्या दोघांचं ऐकून घ्यायची गरजच नव्हती. तुम्ही सांगता त्या सिनेमात बाराही जणांचं एकमत लागतं असं दिसतं. एकमत लागतं तिथेच एकट्या माणसाला वजन येतं. त्याला वळवल्याशिवाय कुणालाच घरी जाता येत नाही. बहुमताच्या ज्युरीवर हे नाटक होऊच शकलं नसतं. पंधरा मिनिटांत पडदा!

रंगपट

वकीलसाहेब, तुम्ही आत्ता नाटकाचं व्याकरण सांगितलंत. 'दार बंद आहे आणि एकाला पटवल्याशिवाय उघडणार नाही.' आम्ही याला गाठ म्हणतो. इतकी सोपी आणि इतकी घट्ट गाठ क्वचित सापडते.

गोटीसोडा

काका, नानावटी खटल्यामुळे आपल्याकडची ज्युरी बंद झाली ना?

भरतीओहोटी

सरसकट तसं सांगितलं जातं, पण ते अपुरं आहे. नौदल अधिकारी नानावटींवर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा खटला होता. १९५९ साली मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं 'दोषी नाही' म्हटलं. न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटला गाजला हे खरं. पण विधी आयोगाने त्याच्या आधीच, १९५८ च्या चौदाव्या अहवालात, ज्युरी बंद करा असं सुचवलं होतं. ठिकठिकाणी ती आधीपासून आटतच होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही, आणि १ एप्रिल १९७४ पासून तो विषय संपला.

पूर्ण संपला असंही नाही. पारशी विवाह कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात आजही 'डेलिगेट' बसतात, समाजातलीच माणसं. पूर्वी सात असत, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच. सामान्य नागरिक न्यायासनाच्या बाजूला बसून मत देतोय हे दृश्य बघायचं असेल तर ते आता तिथेच उरलंय.

कवडसा

आणि पंच? पंचनाम्याला सही करणारे पंच हेही सामान्य नागरिकच. माझ्या वडिलांना एकदा रस्त्यावरच्या अपघातानंतर पोलिसांनी पंच म्हणून थांबायला सांगितलं. ते थांबले. बरोबरचे दोघे तिघे सटकले. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य त्या दिवशी घरी निदान दहा वेळा ऐकलं, आणि प्रत्येक वेळी बाबा शांतपणे म्हणाले, की मी जे पाहिलं ते पाहिलं. पुढे साक्षीला दोन वेळा गेले, पगार कापून. मला त्यांचा फार अभिमान आहे.

निशीकासाई

कवडसा, तुमच्या बाबांना नमस्कार.

इथेही लोक टाळतातच. दर वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास पुढच्या वर्षीच्या संभाव्य साइबान-इनना पाकिटं जातात. वय, शिक्षण, आजारपण, घरी सांभाळायला कुणी नसणं, अशा कारणांनी सूट मागता येते आणि मागणारे भरपूर असतात. सिनेमातला तो ऑफिसात परत जायची घाई असलेला सहा नंबर मला रोज लोकलमध्ये भेटतो. तो वाईट माणूस नाही. त्याच्या टेबलावर कामाचा ढीग आहे आणि एका अनोळखी बाईच्या आयुष्याला दुपारचे दोन तास द्यायचे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न आहे. मितानी त्याच्याकडे तुच्छतेने बघत नाहीत, म्हणून मला ते आवडतात.

अध्यक्ष असलेला एक नंबर नीट पाहा. तो सुरुवातीपासून कुणालाही दोषी म्हणायला कचरत असतो. मग कळतं की तो पूर्वी एका खटल्यात ज्युरर होता, तेव्हा 'गुन्हा आहे' म्हणून सही केली होती, आणि त्या आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती. जपानमध्ये फाशी आजही आहे. तिथून पुढे त्याचा सौम्यपणा मला वेगळाच दिसायला लागला. भीड आणि पश्चात्ताप बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात.

पाऊलवाट

निशीकासाई, हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

रंगपट

ताई, सरळ विचारतो. मराठीत वाचन करूया का? प्रयोग नाही, जाहिरात नाही, फक्त आपल्या आपल्यात. हक्कांचं रीतसर विचारून घेऊ, तोवर पहिली दहा मिनिटं तुम्ही भाषांतर करा म्हणजे कुठे अडतंय ते कळेल. मला आत्ताच दोन ठिकाणं दिसतायत. एक ते जिंजर एल. मराठीत 'मर' सारखा ऐकू येणारा, रस्त्यावर ओरडून म्हणता येईल असा निरुपद्रवी शब्द हवा.

पाऊलवाट

तो शब्द मी चार दिवस शोधतेय. 'मर' आणि 'वर' जवळ आहेत. 'वर हो!' म्हणजे फुटपाथवर चढ, असं ती ओरडली असेल आणि लांबून 'मर हो' ऐकू गेलं असेल. पण 'मर हो' असं रागाने कुणी म्हणत नाही, 'मर जा' म्हणतात. 'सर जा'? तेही नाही. 'सर' म्हणजे बाजूला हो, हे चालेल. ट्रक येताना 'सर!' आणि साक्षीदाराला ऐकू आलं 'मर!'. पण यात गंमत हरवते आणि नुसतं रहस्य उरतं. जपानीत हसू येतं ते मरणाच्या शब्दाआडून थंड पेयाची बाटली निघते म्हणून. ते मला अजून सापडलेलं नाही.

आंबोळी

मी नेहमी वाचनमात्र. पण हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडे मालवणीत 'मरांदे' म्हणतात, जाऊ दे, सोड या अर्थाने. दिवसातून दहा वेळा, प्रेमाने सुद्धा. बाहेरचा माणूस ऐकेल तर त्याला 'मरू दे' म्हणजे शाप वाटेल. बाई मालवणी बोलणारी आणि साक्षीदार घाटावरचा असला तर?

पाऊलवाट

आंबोळी!! मी खुर्चीतून उठले. ती नवऱ्याला 'मरांदे' म्हणाली, म्हणजे भांडण सोडून दे, आणि साक्षीदाराने 'मरू दे' ऐकलं. पेय नाही, पण शब्दाचं पोट फिरतं आणि हसूही येतं. आणि भरतीओहोटी काकांचे चारही शब्द त्यात बसतात. रंगपट, मी आज रात्री बसते.

भरतीओहोटी

मालवणीची कल्पना उत्तम. माझ्या कारकिर्दीत कोकणातल्या साक्षीदाराचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवताना झालेले घोटाळे मी डोळ्यांनी पाहिलेत. एक विनंती मात्र आहे. भाषांतरात ज्युररांच्या तोंडी 'निर्दोष' घालू नका. 'दोषी नाही' किंवा तुम्ही वर लिहिलंय तसं 'गुन्हा नाही' ठेवा. निर्दोष म्हणजे तिने काही केलंच नाही अशी खात्री. दोषी नाही म्हणजे गुन्हा शाबीत झाला नाही. ज्युरीला विचारतात ते दुसरं. आयुष्यभर अशिलांना हा फरक समजावत आलोय.

पाऊलवाट

काका, जपानी शब्दही तुमच्याच बाजूचे आहेत. 'यूझाई' आणि 'मुझाई'. 'झाई' म्हणजे गुन्हा, 'यू' म्हणजे आहे, 'मु' म्हणजे नाही. निर्दोषपणाचा त्यात उल्लेखच नाही. 'गुन्हा आहे', 'गुन्हा नाही', असंच ठेवते.

गोटीसोडा

काल रात्री आईबरोबर पाहिला. सबटायटल मी वाचून दाखवली, कारण तिचा चष्मा सापडत नव्हता. पहिल्या मतदानाला तिने बाराही जणांबरोबर 'गुन्हा नाही' म्हटलं आणि भाजी निवडायला लागली. पिझ्झा येईपर्यंत भाजी बाजूला पडली होती. संपल्यावर आम्ही एक वाजेपर्यंत भांडत होतो, तिचं म्हणणं की दोन नंबरच्याला आधी कुणीतरी जेवायला वाढायला हवं होतं, त्याच्या घरी काय चाललंय ते त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. वाचन ठरलं तर दहा नंबर तिला द्या, तिने विचारायला सांगितलंय.

रंगपट

दहा नंबर दिला. दोन नंबरसाठी माणूस शोधतोय. अकरा जण मिळतात, तो एक मिळत नाही.